आपण तिघी सारख्याच

२०२२ च्या दिवाळीत शेवटची ऑर्डर पोचवून घरी आले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. हाताला तुपाचा वास, गाडीत चकल्यांचा चुरा, पाय मोडून आलेले. त्याच तंद्रीत मी आमच्या तिघींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'हिशेब नंतर बघू काकू, पण एक नक्की. आपण तिघी सारख्याच!' पुढे दोन पणत्या. चार महिन्यांनी एका वकीलबाईंनी तो मेसेज माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला आणि विचारलं, "मग हाच तुमचा करार समजायचा का?"

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. तिघी म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ आणि समोरच्या घरातल्या काकू. काकू साठीच्या. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघी लाडू वळायला शिकलो. इथे घरी केलेला फराळ विकायला परवानगीच नव्हती. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत आमचं राज्य शेवटचं. २०२१ च्या ऑक्टोबरात नियम बदलला. १०० डॉलर भरले की दोन वर्षांचा परवाना, वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत विक्री. काकूंनी परवाना काढला आणि चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू सुरू झाले.

अडलं पुरणपोळीपाशी. ज्याला फ्रीज लागतो ते त्या परवान्यात बसत नाही. शिवाय माल थेट गिऱ्हाइकालाच द्यायचा, दुकानात ठेवायला द्यायचा नाही. आणि नेमकं ओक ट्री रोडवरच्या एका दुकानदाराने सांगितलं, की फ्रोझन पुरणपोळी द्या, आठवड्याला दोनशे पाकिटं उचलतो. म्हणजे तासावर भाड्याने मिळणारं व्यावसायिक किचन आलं, विमा आला, मोठा फ्रीझर आला आणि कुणाच्या पोटात काही बिघडलं तर आपलं राहतं घर जायला नको म्हणून एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, आली.

कंपनी काढणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. राज्याच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणीकृत एजंट भरला, १२५ डॉलर कार्डाने दिले, दहा मिनिटांत प्रमाणपत्र. फेब्रुवारी २०२३. मी ते छापून फ्रीजवर मॅग्नेटने लावलं. आयकर खात्याकडून नंबर मिळाला तोही बसल्या जागी, फुकट. मग खातं उघडायला बँकेत गेले तर तिथली मुलगी म्हणाली, "ऑपरेटिंग ॲग्रीमेंट?"

मला वाटलं, एखादा फॉर्म असेल. घरी येऊन शोधलं, तर तो मालकांमधला, इथल्या भाषेत सभासदांमधला, करार निघाला: कंपनी कोण चालवणार, नफा कसा वाटणार. एक नमुना उतरवून घेतला. सव्वीस पानं. रिकाम्या जागा भरायच्या की झालं. तो डेलावेअर राज्याचा होता हे मला चौथ्यांदा वाचताना कळलं. एका पानावर 'सभासद कंपनी चालवतील' आणि नवव्या पानावर 'व्यवस्थापक कंपनी चालवेल'. मतं भांडवलाच्या प्रमाणात, असंही होतं. काकूंनी पैसे घातलेच नव्हते. म्हणजे ज्या बाईच्या हाताची पोळी आम्ही विकणार होतो, तिचं मत शून्य. मी ते भरून, तिघींच्या सह्या घेऊन बँकेत देणारच होते. नवऱ्याने अडवलं. तो म्हणाला, "तू सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंस ना इतकी वर्षं? मग हे न तपासताच पाठवतेस?"

वकीलबाई ओळखीतून मिळाल्या. सगळं मिळून २२०० डॉलर, पहिलं बोलणं फुकट. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मी तुमच्या कंपनीची वकील, तुमच्यापैकी कुणा एकीची नाही. तुमचं आपसात फाटलं तर मी कुणाच्याच बाजूने उभी राहणार नाही. मला ते तुसडं वाटलं. आम्ही तिघी एकाच सोफ्यावर बसलो होतो, काकूंनी त्यांच्यासाठी डब्यात वड्या आणल्या होत्या, आणि ही बाई आमच्या भांडणाची तयारी करत होती.

मग त्यांनी व्हॉट्सॲपचं विचारलं. आमच्या राज्यात २०१३ पासून जो कायदा आहे त्यात ऑपरेटिंग ॲग्रीमेंट लेखी असावंच असं नाही. ते तोंडी चालतं, वागण्यातून निघतं, थोडं लेखी थोडं तोंडी असंही चालतं. त्यामुळे 'आपण तिघी सारख्याच' आणि पुढच्या दोन पणत्या उद्या कोर्टात कुणी दाखवल्या तर त्यावर वाद घालता येईल. आणि जिथे करार गप्प असेल तिथे कायदा बोलतो. काय बोलतो? सभासदांनी चालवलेल्या कंपनीत सगळ्यांचा कारभारात सारखा हक्क. रोजच्या कामात मतभेद झाला तर डोकी मोजायची, पैसे नाही. रोजच्या बाहेरचं काही असेल तर सगळ्यांची संमती. नफा वाटला तर समान. कुणी किती घातले ते तिथे विचारत नाहीत. मूळ रक्कम परत मिळण्याचा मान कंपनी बंद होताना येतो.

हे ऐकताना मला सांगलीतलं आमचं दुकान आठवलं. बाबांची हळदीच्या पेठेत भागीदारी होती. आपल्याकडच्या १९३२ च्या भागीदारी कायद्यातही हेच आहे, काही ठरलं नसेल तर नफा-तोटा समान. बाबांनी पैसे जास्त घातले होते, 'लिहायचं कशाला, घरचाच माणूस आहे' म्हणून लिहिलं नव्हतं. भागीदारी मोडली तेव्हा मी नववीत होते. त्या घराशी आमचं जाणं-येणं अजून नाही.

तरीही पहिला महिना आम्ही वकीलबाईंनी दिलेली प्रश्नावली नुसती एकमेकींकडे ढकलत राहिलो. एकूण छत्तीस प्रश्न होते. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'तुम्ही ठरवाल तसं.' भिडस्तपणा हा आपला मोठाच रोग. भाजी घेताना दहा सेंटांसाठी घासाघीस करणाऱ्या आम्ही, 'काकू, तुम्हाला महिन्याला किती हवेत?' हे एक वाक्य तोंडातून निघेना.

पहिला खडा भाऊजींनी टाकला, तोही भलत्याच बाजूने. भांडवल पन्नास हजारांचं: पंचवीस माझे, पंचवीस त्यांच्या घरातून. त्यांचं म्हणणं, "वहिनी, पैसे माझ्या पगारातले आहेत, तर सभासद म्हणून नाव माझं असू दे." चूक काहीच नव्हतं. पण भाऊजी एच-१बी वर आहेत. त्या व्हिसावर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचकडे काम करता येतं. पैसे गुंतवून गप्प बसायला हरकत नसते, शेअर घेतात तसं. पण आमच्या कंपनीचं तर मूळच 'प्रत्येक सभासद कारभारी' हे. इमिग्रेशनच्या वकिलाने एका वाक्यात सांगितलं, की मालक व्हा, पण पोळी उलटायला जाऊ नका आणि चेकवर सहीही नको.

मार्ग दोन होते. कंपनी मॅनेजर-मॅनेज्ड करायची, कारभार मी आणि काकू बघणार आणि भाऊजी नुसते मालक. वकीलबाईंचा कल तिकडे होता. पण मग धाकटीचं काय? दिवाळीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाकिटं तिने भरली होती. तिच्याकडे एच-४ चं, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरचं, कामाचं परवानापत्र होतं. २०१५ पासून काही एच-४ धारकांना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत गेलंय त्यांना, ते मिळतं. त्यावर नोकरीही करता येते, स्वतःचा धंदाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. "मी सात वर्षं घरात बसून होते. हे कार्ड आल्यावर पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी होतंय. ते पण ह्यांच्या नावावर का?" भाऊजी पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "बरोबर आहे." सभासद ती झाली.

पण त्या कार्डाला मुदत असते आणि नूतनीकरण त्या काळात महिनोन्महिने रखडायचं. मग कलम ७ आलं. कामाचा परवाना संपला तर त्या दिवसापासून ती काम करणार नाही, रोजच्या कारभारात मत देणार नाही, बँकेत सही करणार नाही. हिस्सा मात्र तिचाच, नफाही तिचा, आणि मालक म्हणून ज्या मोठ्या गोष्टींना तिघींची संमती लागते तिथे तिचा हक्क शाबूत. परवाना आला की सगळं पूर्ववत, वेगळा ठराव नको. आमच्या अख्ख्या करारातलं हे एकच कलम कुठल्याही नमुन्यात सापडलं नसतं. आणि तेच सगळ्यांत आधी वापरावं लागलं.

आता पैसे. इथे आम्ही खऱ्या अर्थाने भांडलो.

भाऊजींचा प्रश्न साधा होता: आम्ही पंचवीस, वहिनींचे पंचवीस, काकूंचे शून्य, आणि नफा समान कसा? काकूंचा प्रश्नही तितकाच साधा होता: कणिक मी भिजवणार, पुरण मी शिजवणार, तर पहिल्या डॉलरवर तुमचा हक्क कसा? वकीलबाई म्हणाल्या, काकूंना आत्ताच भांडवलात तिसरा हिस्सा दिलात तर आयकर खात्याच्या दृष्टीने ते कामाच्या बदल्यात मिळालेलं उत्पन्न. पन्नास हजारांचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेसोळा हजारांहून जास्त, आणि त्यावर कर यंदाच. हातात दमडी न येता. त्याऐवजी फक्त पुढच्या नफ्यातला हिस्सा द्या. त्यासाठी आयकर खात्याने १९९३ साली घालून दिलेली एक पद्धत आहे. कसोटी अशी, की आज हिस्सा मिळाला आणि उद्या कंपनी मोडली तर त्या माणसाला काय मिळेल? काहीच नाही, असं उत्तर आलं तर आज कर नाही.

धाकटीने हे मराठीत समजावून सांगितलं. काकूंनी चष्मा काढला. "म्हणजे उद्या कंपनी मोडली तर तुम्हा दोघींना पंचवीस-पंचवीस, आणि मला शून्य."

"काकू, तो नुसता कराचा हिशेब आहे."

"अगं, हिशेब कळतो मला. शून्य पण कळतं."

त्या डबा घेऊन घरी गेल्या. आठवडाभर समोरच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. मी रोज सकाळी चहा करताना तो बघायचे.

शेवटी जे ठरलं ते तिसऱ्या खर्ड्यात, आणि त्याची कल्पना माझ्या नवऱ्याची, जो कंपनीत कुणीच नाही. आधी काकूंचा ठरलेला मेहनताना, महिन्याला १८०० डॉलर, नफा होवो न होवो. सभासदाला इथे पगारदार नोकर धरता येत नाही, म्हणून त्याला 'पगार' म्हणायचं नाही, त्यावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर काकूंनाच भरायचा, हेही त्यांना आधीच सांगून टाकलं. मग उरलेल्यातले सत्तर टक्के आम्हा दोघींच्या पन्नास हजारांच्या परतफेडीला, तीस टक्के काकूंना. ते पन्नास हजार फिटले की त्या दिवसापासून तिघींना समान. थोडक्यात माझा तो मेसेज खोटा नव्हता, फक्त त्याला एक तारीख जोडायची राहिली होती.

आणि एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नसती तर पहिल्याच वर्षी घोळ झाला असता. आमच्यासारख्या दोन किंवा जास्त सभासदांच्या एलएलसीला आयकर खातं आपोआप भागीदारी धरतं. कंपनी स्वतः कर भरत नाही. ती १५ मार्चपर्यंत विवरणपत्र देते आणि प्रत्येकीला के-१ नावाचा कागद मिळतो, 'यंदाच्या नफ्यातला तुमचा हिस्सा इतका.' तो नफा वाटला असो वा फ्रीझरमध्ये घातलेला असो, कर तुमच्या खिशातून. म्हणून कलम घातलं: दर तिमाहीला, दुसरं काही वाटायच्या आधी, प्रत्येकीच्या कराला पुरेल इतकी रक्कम द्यायचीच. न्यू जर्सीचं आणखी एक गमतीशीर देणं आहे. भागीदारीत दोनपेक्षा जास्त मालक असले की विवरणपत्राबरोबर माणशी १५० डॉलर. दोघी असतो तर शून्य, तिघी म्हणून ४५०. काकू म्हणाल्या, "बघ, मी आले आणि तुमचा खर्च वाढला." त्या हसत होत्या, म्हणजे पडदा उघडला होता.

पण त्या आठवड्यात काकू नुसत्या रुसून बसल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःचा वकील गाठला होता. दीड तासाचे पैसे मोजून. आमच्या वकीलबाईंनीच तसं सुचवलं होतं, तरी मला ते लागलं. पुढच्या बैठकीत काकूंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि वाचला. पहिला मुद्दा: "तुम्ही दोघी एका घरातल्या. डोकी मोजायची झाली तर दोन विरुद्ध एक, आणि ती एक कायम मीच."

खोटं काय होतं त्यात? आम्ही दोघी जावा. आमच्यात वाद झाला तरी तो गणपतीत, सासूबाईंसमोर, मिटवावाच लागतो. काकूंना तशी काही सोय नाही.

वकीलबाईंनी त्या वेळी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा एक निकाल सांगितला, 'आय ई टेस्ट विरुद्ध कॅरोल'. तीन मालक, ३४-३३-३३ टक्के. कंपनी काढली आणि ऑपरेटिंग ॲग्रीमेंटवर एकमत कधी झालंच नाही. तिसऱ्याला आधीच्या एका कंपनीतले बुडालेले पैसे भरून काढायचे होते, दोघांना ते मान्य नव्हतं. दोघांनी कोर्टात मागितलं की याला काढा. खालच्या दोन्ही न्यायालयांनी काढलं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: करारावर एकमत होत नाही, तो माणूस त्रासदायक वाटतो, एवढ्यावर सभासदाला काढता येत नाही, त्याच्यामुळे धंदा चालवणं खरोखर शक्य राहत नाही हे दाखवावं लागतं. मला त्यातलं कायद्याचं फारसं कळलं नाही. मनात राहिलं ते एवढंच की तेही तिघंच होते, आणि कागद मात्र नव्हता.

मग यादी केली. कर्ज किंवा पाच हजारांवरचा कुठलाही खर्च, नवा सभासद, किचन बदलणं, नाव बदलणं, कंपनी विकणं किंवा मोडणं, आणि हा करार बदलणं: तिघींच्या सह्या. रोजचं, म्हणजे डाळ कुठून घ्यायची वगैरे, दोघींच्या मतावर. भाऊजींना पाच हजारांचा आकडा कमी वाटत होता, पण त्यांना मत नव्हतं.

काकूंच्या कागदावरचा दुसरा मुद्दा पुरणपोळीचा. खर्ड्यात एक नेहमीचं वाक्य होतं, की सभासदाने कंपनीत आणलेलं ज्ञान, पद्धती, कृती ही कंपनीची मालमत्ता. आम्ही दोघींनी ते वाचून पुढचं पान उलटलं होतं. काकू वाईच्या. पोळी त्यांच्या आईची. कणकेत तेल किती, पुरण किती आटवायचं, जायफळ कधी किसायचं, सगळं. "माझ्या आईची पोळी न्यू जर्सीच्या कंपनीची कशी होईल गं?" यावर वकीलबाईंकडेही पटकन उत्तर नव्हतं. पाककृतीला कॉपीराइटचं संरक्षण जवळजवळ नसतंच. ती सांभाळायची ती गुपित म्हणून. शेवटी मालकी काकूंची, कंपनीला फक्त वापरण्याचा हक्क. काकू सभासद असेपर्यंत आणि नंतर दोन वर्षं. घरी, देवळात, मंडळाच्या कार्यक्रमाला त्या हव्या तितक्या पोळ्या करतील, विकणार मात्र कंपनीमार्फतच. ते वाक्य लिहिताना वकीलबाईंनी 'पुरण'चं स्पेलिंग तीनदा विचारलं.

ज्या प्रश्नांना आम्ही सगळ्यांत जास्त टाळलं ते शेवटच्या दोन पानांवर होते. एखादी सभासद गेली तर? 'शुभ बोल नाऱ्या' म्हणत मी ते बाजूला सारत होते. काकूच म्हणाल्या, "विचार गं. मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?" कायद्याने वारसाला नफा-वाटणीतला हक्क मिळतो, कारभारात जागा मिळत नाही. काकूंचा मुलगा सिॲटलला. त्याला आमच्या फ्रीझरशी काय देणंघेणं? पण नफ्याचा कागद मात्र दरवर्षी त्याला पाठवायचा आणि कर त्याने भरायचा, यात कुणाचंच सुख नाही. म्हणून उरलेल्या दोघींनी तो हिस्सा विकत घ्यायचा, घ्यायचाच. स्वतःहून सोडून जाणारीचंही कलम केलं, कारण इथल्या आत्ताच्या कायद्यात 'मी निघाले, माझे पैसे द्या' म्हणायची सोय नाही. निघालेली सभासद नुसती वाटणीची वाट बघत बसते. किंमत कशी? दर जानेवारीत तिघींनी बसून एका कागदावर कंपनीची किंमत लिहायची आणि सही करायची. दीड वर्षात नवी लिहिली गेली नसेल तर बाहेरचा हिशेबनीस ठरवेल. वीस टक्के रोख, उरलेले छत्तीस हप्त्यांत.

आणि घटस्फोट. हा शब्द वाचला तेव्हा लॅपटॉपच्या शेजारी टॅबवर सासूबाईंचा व्हिडिओ कॉल चालू राहिला होता, सांगलीहून. त्यांनी विचारलं, "कुणाचा?" दोघी जावा एकदम म्हणालो, "कुणाचाच नाही!" नियम असा घातला की कोर्टाने हिस्सा नवऱ्याकडे दिला तर आधी आम्हाला विकत घ्यायचा हक्क, आणि तिन्ही नवऱ्यांनी हे वाचलंय म्हणून वेगळ्या पानावर सह्या. काकांनी सही करताना विचारलं, की बायको पोळीची मालकीण, मग मी कशाचा?

बाकीचं भराभर झालं. आयकर खात्यापुढे कंपनीच्या वतीने बोलायला एकच प्रतिनिधी नेमावा लागतो, २०१८ पासून त्याच्या शब्दाला सगळे बांधलेले, ती मी. किचनवाल्याने भाड्याची वैयक्तिक हमी माझ्या एकटीकडून घेतली होती. ती उद्या अंगावर आली तर तिघींनी वाटून सोसायची, असं लिहिलं. आणि सभासद आहे म्हणून कुणी आपोआप कंपनीच्या नावाने सही करून तिला बांधून घेऊ शकत नाही, तो अधिकार करारात लिहावा लागतो. बँकेतल्या त्या मुलीला हवं होतं ते एवढंच पान होतं, एकोणिसावं.

अगदी शेवटी एक परिच्छेद: याआधीची सर्व तोंडी, लेखी, ईमेलवरची आणि मेसेजमधली बोलणी या कराराने रद्द. वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फोन उलटा ठेवला.

जून २०२३ मध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर सह्या झाल्या. चार महिने लागले, आम्ही धरले होते पंधरा दिवस. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "स्टॅम्प पेपर किती रुपयांचा?" स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, सरकारदरबारी नोंदही नाही, साध्या प्रिंटरचा कागद आणि तीन प्रती, असं म्हटल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाचून सही केलीस ना? सगळी पानं?"

२०२४ च्या मार्चमध्ये पहिलं विवरणपत्र वेळेत गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धाकटीचं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही. पोळ्यांची सगळ्यांत मोठी ऑर्डर गणपतीची. पहिल्या शनिवारी ती सवयीने आमच्याबरोबर किचनला आली, केस बांधून, ॲप्रन घेऊन. काकू दारातच लाटणं आडवं धरून उभ्या राहिल्या. "कलम सात."

"काकू, नुसती पाकिटं मोजते."

"मोजणं पण काम आहे. गाडीत बस."

ती खरंच पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसली. चार तास. मधे मी चहा द्यायला गेले तर खिडकीच्या काचेवर बोटाने आकडे मांडत होती. मी काही विचारलं नाही. दुपारी काकूंनी पहिल्या घाण्यातली एक पोळी तूप घालून फॉइलमध्ये गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "तिला दे. आणि सांग, ही विकत नाही, घरची आहे."